बिनगाडीचा जॅकवाला

माझ्या नातीच्या लग्नात लोकांनी मिक्सर दिले, भिंतीवरची घड्याळं दिली, आणि चादरी तर इतक्या आल्या की नवरा-नवरीनं जन्मभर नुसतं झोपून राहायचं ठरवलं तरी पुरतील. रेवणअण्णानं जॅक दिला. गाडी उचलायचा, बाटलीच्या आकाराचा जॅक. त्याला लाल रिबीन बांधलेली, वर हळदकुंकू लावलेलं. स्टेजवर फोटोसाठी उभं राहून त्यानं तो नवऱ्या मुलाच्या हातात ठेवला, तर त्या लोखंडी बाटलीच्या वजनानं मुलगा एवढा वाकला की फेटा नाकावर आला. फोटोत अजून तसंच आहे. नवरी हसते आहे, नवरा वाकला आहे आणि मध्ये अण्णा, प्रसाद वाटून आल्यासारखा समाधानी.

"जावईबापू, ह्यो आडवा ठिवू नका, तेल गळतंय. आन् गाडी उचलायच्या आधी जमीन विचारा," असं त्यानं माईकपाशी जाऊन सांगितलं.

वऱ्हाडातल्या लोकांना वाटलं, हा प्लॉटचा एजंट आहे. दोघांनी त्याला जेवणाच्या पंगतीत गाठून जुळे सोलापूरकडं जागा आहे का म्हणून विचारलं. अण्णानं त्यांनाही मुरमाची जमीन चांगली आणि काळी वाईट, असं खुलवून सांगितलं. ते दोघं अजून काळ्या जमिनीत प्लॉट घेत नाहीत म्हणे.

आता असा माणूस म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, ह्याच्या दारात दोन-चार गाड्या असतील, निदान एक जीप तरी असेल. तर सांगतो. रेवणअण्णाकडं चारचाकी नाही. कधी नव्हती. त्याला चालवताही येत नाही. त्याच्याकडं एक स्कूटर आहे आणि तीही तो थांबवली की पुढच्या आणि मागच्या चाकाला दगड लावतो. सपाट रस्त्यावर. मी एकदा विचारलं, "अरे, ही कुठं पळून जाणार हाय?" तर म्हणाला, "तात्या, पळायच्या आधी कुणीबी सांगत न्हाय."

सात रस्त्याच्या मागच्या बाजूला आमची गल्ली. त्यात अण्णाचं सरकी पेंडीचं दुकान. पुढं दुकान, मागं गोदाम, वर राहायची खोली. पूर्ण नाव रेवणसिद्ध. माणूस मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि रागावला की दोन्ही एकदम. बायको, म्हणजे आमच्या गुरुअक्का, वारल्यापासून घरात एकटा. पोरगा महांतेश पुण्याला मोठ्या कंपनीत. हे सगळं तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून सांगितलं. अण्णाला विचारलं असतं तर त्यानं फक्त गोदाम दाखवलं असतं.

गोदामात एका बाजूला पेंडीची पोती आणि एका बाजूला जॅक. देवघरात देव मांडावेत तसे ओळीनं, खाली पाट घालून. मी आयुष्यभर गाड्या चालवल्या. चौथीनंतर शाळेतल्या मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. मास्तर हटला नाही, मी तर हटणारच नव्हतो. पुढं श्रीपूरकडं साखर कारखान्यावर जीप चालवली. उसाच्या फडातून, ओढ्यातून, पाटाच्या कडेकडेनं. जीप रुतली की जॅक शोधायचा नाही. हाक मारायची. फडातून दहा-बारा तोडणीवाले यायचे, जीप उचलायचे, बाजूला ठेवायचे, बिडी मागायचे आणि जायचे. तसा बिडी पिणारा जॅक आता कुठल्या दुकानात मिळत नाही. तर अशा माणसाला हा पेंडवाला शिकवणार, जॅक म्हणजे काय.

शिकवायचाच. मी दुपारी जरा पोत्याला टेकायला गेलो की सुरू.

"ह्यो बघा तात्या, बाटली जॅक. ताकदीचा. पर मिटलेला आसतानाबी उंच आस्तोय. गाडी खाली बसली आसंल तर ह्यो खाली शिरतच न्हाय. ह्यो कात्रीचा. कंपनी गाडीसंगं देती तो. डांबरी रस्त्यापुरता बरा. मोठी चाकं बसवली की ह्याचा हात पुरत न्हाय. आन् ह्यो..."

ह्यो म्हणजे एक माणसाच्या छातीएवढा उभा लोखंडी खांब. त्याला भोकं आणि एक लांब दांडा. रानावनातल्या गाड्यांसाठीचा म्हणे. अण्णा त्याच्याशी बोलताना आवाज खाली करायचा. सासऱ्यासमोर जावई बोलतो तसा.

"ह्यो लई उंच उचलतोय. पर रागीट. ह्याच्या दांड्याच्या वाटंत तोंड आणायचं न्हाय. हात सुटला की दांडा उसळतोय आन् जबडा मागत न्हाय, घिऊनच जातोय. आन् ह्याला आडकवायला गाडीला लोखंडी बंपर पायजे. प्लास्टिकच्या गाडीला ह्यो म्हंजे नुसती शोभा."

"तुझ्याकडं तर प्लास्टिकचीबी गाडी न्हाय," मी म्हणायचो.

"निधान, तात्या, निधान," अण्णा म्हणायचा. निधान म्हणजे कानडीत सावकाश. दिवसातून शंभर वेळा हा शब्द. दुकानात गिऱ्हाईक घाईत असलं तरी निधान, दूध उतू चाललं तरी निधान.

एक फुग्याचा जॅकही होता. जाड रबरी पिशवी, तिची नळी गाडीच्या धुराड्याला लावायची. धूर भरला की पिशवी फुगते आणि गाडी वर. चिखलात म्हणे एकदम कामाचा. अण्णाला तो वापरून बघायचा होता आणि गाडी तर नाही. मग त्यानं काय करावं? पेंड उतरवायला आलेल्या टेम्पोच्या धुराड्याला नळी लावली आणि पिशवी ठेवली पोत्यांच्या थप्पीखाली. वजन ते वजन, पोतं काय आणि गाडी काय, असा हिशोब. पिशवी फुगली. थप्पी उचलली. अण्णा टाळ्या वाजवत होता. मग थप्पी एका बाजूला कलली आणि गोदामाच्या दारातून थेट गल्लीत गेली. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या गाईंनी जी मेजवानी खाल्ली, तिच्यानंतर त्या कित्येक दिवस दुसऱ्या गल्लीत गेल्याच नाहीत. अण्णा पेंडीत गुडघाभर उभा राहून म्हणाला, "बरोबर हाय. गोल वजनाखाली फुगा ठिवायचा न्हाय. कळलं." नुकसानीचं काही नाही. कळलं, हे महत्त्वाचं.

गल्लीत कुणाकडं पाहुणा गाडी घेऊन आला की आम्ही आधीच सांगून ठेवतो, बाबा, गाडी दुसरीकडं लाव. नाही सांगितलं तर काय होतं? समोरच्या घरात एक डॉक्टर पाहुणे आले होते. चहा पिऊन बाहेर आले तर त्यांची गाडी तीन चाकांवर. चौथं चाक हवेत, खाली अण्णा उकिडवा.

"अहो, काय करताय?"

"काय न्हाय डॉक्टर. तुमची गाडी कितपत उचलती बगत व्हतो. तुमाला जॅक लावायची जागा म्हाईत हाय का? म्हाईत न्हाय. आता म्हाईत झाली. बसा, चा घ्या."

डॉक्टरांनी पुन्हा चहा घेतला नाही. पुन्हा आलेही नाहीत.

रस्त्यावर कुणाची गाडी पंक्चर होऊन उभी दिसली की अण्णाची स्कूटर आपोआप थांबते. अक्कलकोट रोडला एकदा मी मागं बसलेलो होतो. एक कुटुंब, बाप चाक काढायला बसलेला, जॅक लावून गाडी अर्धी उचललेली, आणि बायको-पोरं आतच बसलेली. अण्णा स्कूटरवरून उतरला तो ओरडतच.

"उतरा! समदे उतरा! अय्यो, बायका-पोरं आत ठिवून गाडी उचलत्यात व्हय?"

गाडी खाली उतरवली. हँडब्रेक ओढायला लावला. गिअर टाकायला लावला. तिरक्या बाजूच्या चाकाला मागून-पुढून दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायला लावले. नंतर स्कूटरच्या फुटबोर्डावरची बाभळीची जाड फळी काढून जॅकखाली घातली, आणि "निधान" म्हणत उचलायला लावली. तोवर उन्हात उभ्या राहिलेल्या पोरांनी रडून घेतलं, बाईंनी त्या बापाला जे काय बोलायचं ते बोलून घेतलं, आणि मी माझ्या नशिबाला बोलून घेतलं. चाक बदललं तेव्हा बाप म्हणाला, "काका, एवढ्या वेळात आम्ही घरी पोचलो असतो." अण्णा म्हणाला, "समदे पोचला आसता का, त्ये सांगा." त्यावर बापानं पोरं एकेक करून मोजून आत बसवली. मी मागून गाडीचं दार लावून दिलं, पण ते उन्हामुळे.

आमचा जुना वाद फळीवरून. जॅकखाली काय घालायचं? मी म्हणतो, शहाबादी फरशी. आमच्या सोलापुरात फरशीला काय तोटा? कुठंही बघा, भिंतीला टेकवलेली आहेच. सपाट, टणक, चिखलात बुडत नाही. अण्णा म्हणतो, फरशी पसरून वजन घेती तंवर ठीक, मधी टोचलं की फुटती, आन् फुटताना आदी सांगत न्हाय; लाकूड आदी कुरकुरतंय, मंग मोडतंय. मी म्हणतो, माझ्या आयुष्यात फरशी फुटलेली मी बघितली नाही. तो म्हणतो, तुमी फरशीवर गाडी उचललीच न्हाय, माणसांनी उचलली. वाद वाढला की मी उठून जातो. हरून नव्हे. माझी चहाची वेळ असते.

रोज संध्याकाळी अण्णा पोराला फोन लावतो. कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर लावतो. त्यामुळे महांतेशचा फोन म्हणजे गल्लीचा कार्यक्रम. महांतेशनं मोठी उंच गाडी घेतली, चारी चाकं ओढणारी. सुट्टी मिळाली की मित्रांबरोबर ती घेऊन डोंगरात जायचं. कधी कोकणातल्या घाटात, कधी पार हिमालयात बर्फात. रस्ता असेल तिथं जायचं नाही, असा काहीतरी त्या मंडळींचा नेम आहे. फोन असा चालायचा:

"जेवलास का?"

"हो अप्पा."

"गाडीत जॅक कुटला हाय?"

"आहे अप्पा, कंपनीचा आहे."

"त्यो कात्रीचा. तुज्या चाकाला पुरणार न्हाय. फळी ठिवलीस का?"

"अप्पा, मी मीटिंगमध्ये आहे."

मग टूक-टूक-टूक. अण्णा फोनकडं बघत बसायचा आणि मग आम्हाला उरलेलं सांगायचा, जे महांतेशला सांगायचं राहिलं ते. गल्लीतल्या बायकांनासुद्धा आता कुठल्या गाडीला किती टनाचा जॅक लागतो ते पाठ आहे.

थंडीत, ज्वारी हुरड्यात आली तेव्हा, महांतेशचा एकदम स्वतःहून फोन आला. "अप्पा, रविवारी येतो. शेतावर जाऊ. हुरडा खाऊ. पुढच्या आठवड्यात आम्ही हिमाचलला निघतोय, त्याआधी."

अण्णाचा चेहरा असा झाला की मी डोळे दुसरीकडं फिरवले. मग पोरगा म्हणाला, "पण एक अट आहे. जॅक हा शब्द काढायचा नाही. दिवसभर. मी खरंच सांगतोय अप्पा. मागच्या वेळी मित्रांसमोर तुम्ही काय केलंत आठवतंय ना? मला लाज वाटते. एकदा जरी जॅक म्हणालात तर मी तिथूनच गाडी फिरवीन, आणि परत यायचं बघणार नाही."

अण्णा म्हणाला, "न्हाय काडणार." आणि पहिल्यांदाच त्यानं आधी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला गोदामात बोलावलं. चहा मागवला. हा माणूस चहा मागवतो म्हणजे काहीतरी मागणार.

"तात्या, तुमी रविवारी संगं चला."

"मला हुरड्यानं पोट दुखतंय."

"मी बोलू शकत न्हाय. तुमी बोला की. तुमी ड्रायवर माणूस, तुमचं ऐकंल. निस्तं एवढं सांगा, फळी ठिव, घोडी ठिव. गाडी जॅकवर आसताना खाली शिरू नको. जॅक उचलतोय, धरत न्हाय. धरायला घोडी लागती."

घोडी म्हणजे गाडीखाली लावायचा तिपायी लोखंडी टेका, आणि हे मला सांगतोय! "रेवणअण्णा," मी म्हटलं, "मी कुणाचा पढवलेला पोपट न्हाय. तुझं तू बग."

तो काही वेळ त्या ओळीतल्या जॅकवरची धूळ पुसत बसला. मग म्हणाला, "मला गाडीतलं काय कळतंय, तात्या? पेंड विकणारा मानूस मी. त्यानं गाडी घेतली तवा मी दुकानात जाऊन इचारलं, डोंगरात गाडी आडकली तर काय लागतं? त्यो म्हनला, जॅक. म्हनलं, दाखवा. मंग एकेक आनत गेलो. त्याला कुटला लागंल काय म्हाईत. म्हनून समदे."

चहा गार झाला होता. मी तरी प्यायलो. येतो म्हणून सांगितलं. फक्त यायचं कबूल केलं होतं, बोलायचं नव्हे.

रविवारी महांतेश आला. गाडी बघितली आणि मी समजलो. चाकं बदलून एवढी मोठी बसवलेली की वर चढायला मला शिडी लागावी. छतावर तोच रागीट उभा जॅक, लाल रंगाचा, नवा कोरा, झेंड्यासारखा बांधलेला. आणि बंपर पुढून मागून प्लास्टिकचा. अण्णानं वर बघितलं, खाली बघितलं, तोंड उघडलं, आणि घाईघाईनं त्यात सुपारीचं खांड टाकलं.

सामान भरताना दही, शेंगाचटणी, गूळ आणि एक जड पोतं आलं.

"अप्पा, पोत्यात काय?"

"पेंड."

"कुणाला?"

"बैलाला."

शेतावरचे बैल विकून कित्येक वर्षं झाली होती. वाटेकऱ्याकडं ट्रॅक्टर आहे. दुसऱ्याच्या घरच्या बैलांत मी पडत नाही.

मी आणि अण्णा मागं बसलो. महांतेश चांगला बोलत होता, पोरगा वाईट नाही. हिमाचलमध्ये काय काय बघणार ते सांगत होता, नद्यांतून गाडी कशी घालतात ते सांगत होता. तो नदी म्हणाला की अण्णा माझ्या मांडीला चिमटा काढायचा. बर्फ म्हणाला की चिमटा. दरी म्हणाला तेव्हा मी ओरडलोच.

"काय झालं तात्याकाका?"

"काय न्हाय. पायात गोळा आला."

अक्कलकोटच्या अलीकडं डांबरी सोडून शेताची वाट लागते. काळं रान. कोरडं असेल तर दगड, ओलं असेल तर लोणी. शेजारच्या डाळिंबवाल्याचा पाट रात्री फुटला होता आणि वाट पार भिजलेली. वाटेकरी पुढं आगटी पेटवायला गेला होता; लांब ज्वारीच्या पलीकडं धूर दिसत होता, पण हाक पोचण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, "हितंच थांबव, चालत जाऊ."

"काका, ही गाडी अशाच ठिकाणासाठी घेतलीय," महांतेश म्हणाला आणि दिलं दाबून. गाडी घुसली, डुलली, आणि मध्यावर थांबली. त्यानं आणखी दाबलं. चाकं फिरली, चिखल उडाला, ज्वारीच्या ताटांना काळा रंग आला आणि डावं मागचं चाक आसापर्यंत खाली गेलं. शिवाय पाटाच्या कडेची ठिबकची काळी नळी त्या चाकाच्या मागं जाऊन आसाला गच्च गुंडाळली गेली.

उतरलो. अण्णानं बांधावरचे दगड आणून बाकीच्या चाकांना लावले. तोंडातून शब्द नाही. महांतेशनं छतावरचा लाल झेंडा काढला, गाडीभोवती फिरला, कुठं अडकवायचा ते बघितलं. प्लास्टिक, प्लास्टिक, प्लास्टिक. झेंडा परत वर. मग कंपनीचा कात्रीचा काढला. खालून लावला तर तो पुरेना; चाकं मोठी, गाडी उंच, आणि जॅकचा पाय चिखलात चाललेला.

अण्णाच्या तोंडातली सुपारी कडकड वाजत होती. तो माझ्याकडं बघत होता, मी ज्वारीकडं.

"खाली काहीतरी घालायला पाहिजे," महांतेश म्हणाला.

विहिरीच्या मोटरपाशी शहाबादी फरश्यांची चळत होती. मी म्हटलं, "फरशी आण. चांगली. मी सांगतो."

अण्णानं माझा दंड असा धरला की बोटं उमटली. पण एकदा बोललो ते बोललो. दोन फरश्या एकावर एक घातल्या, वर जॅक, आणि महांतेश फिरवायला लागला. गाडी वर यायला लागली. मी अण्णाकडं बघितलं, असं बघितलं की बघ.

फट् करून आवाज झाला. वरची फरशी दुभंगली, खालची तिरकी झाली, जॅक बाजूला उडाला आणि गाडी धप्प खाली बसली. महांतेश मागं चिखलात बसला. मागं म्हणजे, अण्णानं आवाजाच्या आधीच त्याच्या पट्ट्याला धरून ओढलेलं होतं म्हणून मागं.

ती फरशी हलक्या खाणीतली होती. हे मी तेव्हाही म्हणालो, आताही म्हणतो.

महांतेश स्वतःच्या हाताकडं बघत होता, जो जॅकच्या दांड्यावर होता तो. मग बापाकडं बघितलं. आता हा सुरू होणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. खरं तर मलाही तेच वाटलं. एवढी वर्षं थांबला होता हा माणूस ह्या एका क्षणासाठी. मी म्हणत होतो ना, म्हणायचं, आणि मोकळं व्हायचं.

अण्णा गाडीकडं गेला. पोतं ओढून काढलं. सुतळी सोडली. बाभळीच्या दोन फळ्या, बाटली जॅक, त्याला उंची द्यायचा लोखंडी तुकडा, घोडी.

"अप्पा, ही पेंड?" महांतेश म्हणाला.

"तुज्या बापाचे बैल हेच खात्यात," मी म्हटलं.

मग अण्णानं काम केलं. मी त्याला इतकं गप्प कधी बघितलं नव्हतं. चिखल खोऱ्यानं बाजूला केला, खालचा घट्ट थर लागेपर्यंत. कोरडी माती आणि खडी टाकली, पायानं तुडवली. फळी. फळीवर जॅक. दांडा इतका सावकाश दाबायचा की मला जांभई आली असती, आली नाही. गाडी वर आली. दुसऱ्या फळीवर घोडी ठेवली, गाडी किंचित खाली सोडून तिच्यावर टेकवली. मग उठून दोन्ही हातांनी गाडी हलवून बघितली. पुन्हा बघितली. मला खूण केली, तुमीबी हलवा. मी हलवली. हलली नाही.

नळी कापल्याशिवाय चाक फिरणार नव्हतं. महांतेशनं विळा घेतला आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले.

अण्णा चिखलात खाली बसला. पांढऱ्या धोतरासकट, सकाळी इस्त्री केलेल्या. आणि त्यानं दोन्ही हातांनी पोराचा घोटा धरला.

"अप्पा, काय करताय? पाय सोडा."

सोडला नाही.

"अप्पा, अहो, तुम्ही माझे पाय धरताय. कसं दिसतं ते?"

नाही सोडला. आणि मग मला राग आला. कुणाचा आला ते मला सांगता येणार नाही, पण आला.

"अरे महांतेश," मी ओरडलो, "गाडी जरा जरी हलली तर तुला वडून काडायला बसलाय त्यो! सकाळपासनं तोंडात सुपारी धरून गप हाय. बोलू नको म्हनलास न्हवं तू? बोलत न्हाय बग. आता पाय तरी धरू दे!"

खालचा विळा थांबला. लांबून हुरड्याचा वास येत होता. अण्णा मान खाली घालून बसला होता, अंगठे घोट्याभोवती घट्ट.

मग खालून पोरगा बोलला. सकाळपासून शहरी मराठीत बोलणारा तो, कानडीत बोलला, लहानपणी दुकानात पोत्यांवर बसून बोलायचा तसा.

"अप्पा, जॅक सरी ऐतेन?"

जॅक नीट आहे का, एवढंच विचारलं त्यानं.

मी म्हटलं, झालं. सुटला हा. आता बाटली येणार, कात्री येणार, फुगा येणार, माझी फरशी तर येणारच. हुरडा गार होणार. मी बूड टेकायला बांधावर जागा बघितली.

अण्णानं सुपारी थुंकली. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"हौदप्पा," तो म्हणाला. होय रे बाळा. त्याच्या पुढं एक शब्द आला नाही.

विळा चालू झाला. पाय त्यानं सोडला नव्हता.